पाटलाचे पेव

बार्शीहून सोलापूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर वैराग लागते. गावाचे नाव प्रथमच कानावर पडलेल्या परक्या माणसास वैराग्याची आठवण व्हावी हे स्वाभाविक आहे. परंतु ज्याने हा मुलूख पायी हिंडून पाहिला आहे, सुगीत येथील खळ्यांवर रात्र काढली आहे आणि पेठेत अडत्याच्या ओट्यावर बसून रुमालाखाली बोटे धरून चाललेला हत्त्याचा सौदा लहानपणी डोळे विस्फारून पाहिला आहे, त्याला हा मुलूख विरक्तांपेक्षा प्रपंची माणसांचाच वाटतो. काळी भारी जमीन, बेभरवशाचा पाऊस आणि रब्बीची ज्वारी या तीन गोष्टींवर येथील संसार पिढ्यान्‌पिढ्या उभा आहे. ग्रामदैवत संतनाथाच्या पायरीवर डोके टेकणारा माणूससुद्धा बहुधा बियाण्याची, बैलाची किंवा लेकीच्या सोयरिकीची काळजी मनात घेऊनच आलेला असतो.

अशा मुलखाने थोर पुरुष म्हणून कोणाचे स्मरण जतन केले, हे पाहू गेल्यास एक गोष्ट चटकन ध्यानात येते. लढाया मारणारे सरदार या भागातून कमी गेले नाहीत. परंड्याचा किल्ला एका बाजूस, सोलापूरचा भुईकोट दुसऱ्या बाजूस, आणि निजामशाही, आदिलशाही व मोगलाई यांच्या फौजांनी हा प्रदेश वारंवार तुडविलेला. पण खेड्यातील म्हाताऱ्या माणसास जुन्या काळचा मोठा माणूस कोण, असे विचारले तर तो सरदाराचे नाव घेत नाही. तो धामणगावच्या पाटलाचे नाव घेतो.

धामणगाव हे बार्शी तालुक्यातील, वैरागच्या परिसरातील खेडे. तेथील पाटील माणकोजी बोधले सतराव्या शतकात होऊन गेले. वारकरी संप्रदायात त्यांचे स्थान संताचे आहे, त्यांच्या वंशात कीर्तनाची परंपरा आजपावेतो चालू आहे, आणि महिपतीने शके १६८४ मध्ये, म्हणजे इ. स. १७६२ साली पूर्ण केलेल्या ‘भक्तविजया’त त्यांचे चरित्र सविस्तर आले आहे. संत म्हणून त्यांचा अधिकार सांगणारे कीर्तनकार पुष्कळ आहेत. मला येथे त्यांच्याविषयी लिहावयाचे आहे ते एक कष्टाळू कुटुंबवत्सल गृहस्थ आणि एका गावाचा पुढारी या नात्याने. कारण आपल्या खेड्यांतून पुढारीपण म्हणजे काय समजले जाई आणि ते कोठून उत्पन्न होई, याचा इतका स्वच्छ दाखला दुसरा मला ठाऊक नाही.

आपल्या भाषेत ‘कर्ता’ असा एक शब्द आहे. मिताक्षरेच्या कायद्यात अविभक्त कुटुंबाच्या मिळकतीची वहिवाट पाहणारा तो कर्ता. परंतु कायद्याच्या पुस्तकात तो शब्द येण्याच्या कितीतरी आधीपासून तो घराघरांत नांदत होता. अमक्या घरचा कर्ता पुरुष गेला, असे म्हणताना त्या घरातील सर्वांत वडील माणूस गेला एवढेच अभिप्रेत नसते. ज्याच्या अंगावर पेरणीचा निर्णय होता, ज्याने स्वतः चाड्यावर मूठ धरली, ज्याच्या शब्दावर वाण्याने उधार दिले, ज्याने चार भावांची आठ तोंडे एका चुलीवर जेवू घातली आणि स्वतः शेवटच्या पंगतीला बसला, तो माणूस गेला असा त्याचा अर्थ असतो. गावाने पुढारी निवडण्यासाठी वेगळी कसोटी कधी लावली नाही. ज्याला स्वतःचे घर एकत्र राखता आले, त्याच्याकडे गोताने आपले तंटे नेले. ज्याचे धान्य आषाढापर्यंत पुरले, त्याच्या दाराशी गाव आषाढात गेले. घरचा कारभार हीच गावच्या कारभाराची उमेदवारी होती.

सतराव्या शतकातील पाटील म्हणजे कोण, हे आज समजावून सांगावे लागते. कारण पाटील म्हणजे वाडा, बंदूक आणि फेटा असे जे चित्र नाटक-सिनेमांनी आपल्यापुढे ठेवले, त्याने मूळ गोष्ट झाकून टाकली आहे. पाटील हा काळी आणि पांढरी या दोहोंचा वतनदार; काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे गावठाण. सरकारचा सारा वसूल करून देणे, ओसाड पडलेली जमीन कौल देऊन पुन्हा लावणे, नव्या कुळास बैल-बियाण्यासाठी तगाई मिळवून देणे, वाटसरूची सोय पाहणे, गोतसभा बसवून निवाडा करणे आणि निवाड्याच्या मजहरावर आपली निशाणी उमटविणे, ही त्याची कामे. त्याबद्दल त्याला इनाम जमीन, हक्क-लाजिमा आणि मानपान मिळे. पोळ्याला त्याचा बैल पुढे चाले, होळीत पहिली पोळी त्याची पडे. पण दस्त थकला की ठाण्यात नेऊन बसविला जाणाराही तोच असे. अंमलदाराचा प्यादा रयतेच्या दारात जाण्याआधी पाटलाच्या दारात उभा राही. गावाचा मान आणि गावाचा मार ही दोन्ही एकाच माणसाच्या वाट्याला येत, आणि म्हणूनच तो मान गावाला खुपत नसे.

त्या मजहरांवरील पाटलाची निशाणी ज्यांनी पाहिली नसेल त्यांनी ती एकदा अवश्य पाहावी. मोडीतील मजकुराच्या खाली, साक्षींच्या रांगेत, कुळकर्ण्याने पाटलाचे नाव लिहिलेले असते आणि त्याच्याजवळ शाईने ओबडधोबड नांगर काढलेला असतो. ज्या काळी राजे मुद्रा उमटवीत त्या काळी गावच्या धन्याची मुद्रा नांगराची होती. आणि हे चिन्ह अलंकारासाठी घेतलेले नव्हते, ते त्याच्या रोजच्या हत्याराचे चित्र होते.

माणकोजींची जी कथा परंपरेने आपल्यापर्यंत आली आहे ती थोडक्यात अशी. देशावर दुष्काळ पडला. पाटलाच्या घरी धान्य होते. गावचे आणि परगावचे भुकेलेले लोक दाराशी येऊ लागले तेव्हा त्याने साठा मोकळा केला, तो सरल्यावर गुरेढोरे विकली, पत्नी ममताईच्या अंगावरील दागिने गेले, आणि अखेर पाटील स्वतःच निष्कांचन झाला. मग घरच्या बायका लोकांकडे कामास जाऊ लागल्या आणि पाटलाने रानात जाऊन लाकडे तोडून मोळी विकण्यास आरंभ केला. एकादशीची पंढरीची वारी मात्र चुकविली नाही. मोळीचे मिळाले ते चार-दोन पैसे देवाच्या बुक्का-तुळशीला आणि द्वादशीस एका अतिथीपुरत्या पिठाला त्याने लावले. कोरडे पीठ घ्यायला कोणी येईना, तेव्हा स्वतः विठ्ठलच वृद्ध ब्राह्मणाच्या रूपाने आला आणि भीमेच्या वाळवंटात त्या पिठाचे पानगे भाजून जेवला, असे कथा सांगते.

या कथेतील अद्भुताचा भाग ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा आहे आणि त्याला हात लावण्याचे मला कारण नाही. परंतु कथेचा जो संसारी भाग आहे तो मला अस्सल वाटतो, आणि त्याचे कारण सांगणाऱ्याच्या व्यवसायात आहे. महिपती ताहराबादेचा, घराणे कुळकर्ण्याचे. सरकारी लेखणी पुढे त्याने खाली ठेवली खरी, पण गावाचा वसूल, पाटलावरचा बोजा, दुष्काळात उठून जाणारी कुळे हे सर्व त्याच्या घरचे दप्तर होते. त्याला धनाढ्य दानशूराची गोष्ट सांगावयाची असती तर कथा धान्यवाटपापाशी संपली असती. तो पुढे जातो, पाटलाच्या डोक्यावर मोळी देतो आणि त्याच्या घरातील बायकांना मजुरीस पाठवितो. दान केल्यानंतरच्या सकाळी चूल कशी पेटली, हा प्रश्न प्रपंची माणसालाच पडतो आणि प्रपंची श्रोत्यालाच त्याचे उत्तर हवे असते. वतनदाराने मोळी वाहणे म्हणजे त्या काळी केवढी गोष्ट होती! मानपानाच्या त्या व्यवस्थेत भुकेपेक्षा हलके काम अधिक जड वाटे. माणकोजींनी धान्य दिले ही त्यांची उदारता होय. परंतु त्यानंतर ते कामाला लागले आणि कोणावर भार झाले नाहीत, या गोष्टीमुळे या मुलखाने त्यांना आपले मानले, असा माझा समज आहे.

माणकोजींच्याच शतकात, १६३० ते १६३२ या वर्षांत, दख्खन आणि गुजरात यांवर जो दुष्काळ कोसळला त्याचे भीषण वर्णन शाहजहानचा दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी याने लिहून ठेवले आहे, आणि देहूस तुकोबांच्या घरी अन्नान्न दशा झाली तीही त्याच सुमारास. बादशाही तवारिखेत अशा दुष्काळाची नोंद राहते ती मेलेल्यांची. जे जगले ते कोणाच्या धान्यावर जगले, याची नोंद ठेवण्याचे काम कीर्तनाने केले.

आता धान्याचा हा साठा म्हणजे काय, हे सांगितले पाहिजे. सोलापूरकडील ज्वारी कणगीत राही, बळदात राही; परंतु दोन-तीन वर्षांची बेगमी करावयाची असेल तर ती पेवातच. पांढरीच्या टणक जमिनीत, शक्य तितकी उंचवट्याची जागा पाहून, माणूस जेमतेम उतरेल एवढ्या तोंडाचा आणि खाली रांजणासारखा फुगत गेलेला खड्डा खणीत. आतून शेणामातीने सारवून, विस्तवाने शेकून कोरडा करीत. तळाला आणि भिंतींना कडब्याचा व भुसाचा थर देत. मग ज्वारी ओतून, वर पुन्हा कडबा घालून, तोंडावर फरशी बसवून माती लिंपून टाकीत. एकदा तोंड बंद झाले की त्या जागेवरून गुरे जात, पोरे खेळत, आणि परक्याला खाली खंडोगणती धान्य आहे याची शंकाही येत नसे. लुटारूंच्या आणि फौजांच्या काळात हा मोठाच गुण होता.

मी पेव उघडताना एकदाच पाहिले, तेही अगदी लहान असताना आजोळी, याच भागातील एका खेड्यात. आजोबांनी माती उकरवून फरशी सरकवली आणि दिवसभर तोंड उघडे टाकले. दुसऱ्या दिवशी सकाळी कंदील दोरीला बांधून आत सोडला. दोन हात खाली गेला नाही तोच ज्योत लवली आणि विझली. आजोबा एवढेच म्हणाले, “वाफ हाय अजून. उद्या बघू.” कोंडलेल्या त्या हवेत उतरून माणसे गुदमरून गेल्याच्या गोष्टी प्रत्येक गावात होत्या, आणि म्हणून दाराशी कितीही मंडळी खोळंबली असली तरी कंदील आत तेवल्यावाचून ते कोणालाही उतरू देत नसत. तिसऱ्या दिवशी कंदील तळाशी जाऊन तेवत राहिला. गडी उतरला, पाट्या भरून वर येऊ लागल्या. भिंतीलगतची ज्वारी काळी पडून तिच्या गुठळ्या झाल्या होत्या, ती गुरांकडे गेली. मधली पिवळसर, आंबूस वासाची, पण शाबूत होती. तो पेवाचा वास नाकात एकदा बसला की जन्मभर जात नाही.

मापाला आजी बसली होती. पायली भरून ओतताना तिने पहिल्या मापाला ‘एक’ म्हटले नाही. ‘लाभ’ म्हटले, मग दोन, मग तीन. कोणाला किती दिले याचे टिपण नव्हते. मला वाटे, ती विसरेल. सुगीनंतर धान्य परत येऊ लागले तेव्हा तिने एकालाही विचारले नाही आणि एकाचेही माप चुकले नाही. सावकाराच्या दारी अशा उसन्या धान्यावर सवाई किंवा दिढी द्यावी लागे, म्हणजे पायलीला सव्वा किंवा दीड पायली परत. आमच्या आजीने नेले तेवढेच परत घेतले आणि ज्याचे पीक गेले त्याचे पुढच्या सालावर ठेवले. पेव आजोबांच्या नावाचे होते, पण त्याची खतावणी तिच्या डोक्यात होती. कर्ता पुरुष म्हणून आपण ज्याची आठवण काढतो त्याच्यामागे बहुतेक घरांत अशी एक कर्ती बाई असते. ममताईचे नाव परंपरेने राखले हे परंपरेचे मोठेपण, इतर हजारोंचे राखले गेले नाही.

सोलापूर जिल्ह्याला धान्य मोकळे करणाऱ्या दुसऱ्या एका पुरुषाची आठवण आहे, ती मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची. पंधराव्या शतकातील बहामनी अमलात सरकारी कोठार त्यांच्या ताब्यात होते, ते दुष्काळात त्यांनी रयतेस लुटविले आणि बेदरास जाब देण्याची पाळी आली तेव्हा विठ्ठलाने महाराचे रूप घेऊन पैका भरला, ही कथा महाराष्ट्रात घरोघर माहीत आहे. दोन्ही कथा एकाच जिल्ह्यात घडलेल्या म्हणून लोक त्या एका दमात सांगतात. मला मात्र त्यांत भेद दिसतो. दामाजीपंतांनी आपला अधिकार आणि आपले प्राण पणाला लावले, आणि ते धैर्य असामान्यच होय; परंतु कोठार सरकारचे होते. माणकोजींनी मोकळे केले ते स्वतःच्या मुलाबाळांच्या तोंडचे. अंमलदाराचे औदार्य आणि कर्त्याचे औदार्य या दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी आहेत, आणि खेड्याचा पुढारी या दुसऱ्या जातीतून निपजत असे.

इंग्रजी अंमल १८१८ साली आल्यावर पाटील राहिला, पण पाटीलकी पातळ होत गेली. रयतवारीने प्रत्येक खातेदाराचा सरकारशी थेट संबंध जोडला. सारा रोख ठरला, हप्त्याची तारीख ठरली, आणि पीक घरात येते न येते तोच ते विकून हप्ता भरणे भाग पडू लागले. १८६७ च्या कायद्याने पोलीस पाटलाची कर्तव्ये लिहिली गेली, १८७४ च्या कायद्याने वतने नियमांत बसविली गेली. पाटील हळूहळू मामलेदाराच्या कचेरीचा शेवटचा नोकर झाला. कुळाची नड पूर्वी पाटलाच्या पेवावर भागे, ती सावकाराच्या वहीवर भागू लागली. १८७५ मध्ये पुणे व नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांचे कागद जाळले, आणि त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा पुणे, सातारा, नगर व सोलापूर या चार जिल्ह्यांपुरता झाला. त्या कायद्याने गावमुनसफ आणि तडजोड करणारे पंच नेमण्याची तरतूद केली. गोतसभेने जे काम शतकानुशतके केले तेच पुन्हा सरकारी शिक्क्याने सुरू करावे लागले, यात त्या जुन्या व्यवस्थेची किंमत आपोआप कबूल केली गेली.

१८७५ आणि १८७९ या दोन तारखांच्या मध्ये १८७६ ते १८७८ चा दुष्काळ आहे. सोलापूर जिल्हा त्यात होरपळून निघाला. दुष्काळी कामावरच्या मजुरास दिवसाला एक पौंड धान्याइतकीच मजुरी पुरेशी आहे, असे सर रिचर्ड टेंपल यांनी ठरविले, तेव्हा दख्खनातील मजुरांनी काम सोडून निषेध केला. पुण्याच्या सार्वजनिक सभेने, जिच्यामागे सार्वजनिक काका आणि न्यायमूर्ती रानडे उभे होते, गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे ठेवली. पोटाचा प्रश्न गावच्या पांढरीतून उठून असा मुंबई-कलकत्त्याच्या कचेऱ्यांत गेला. बार्शीची अरुंद रेल्वे १८९७ साली सुरू झाली, तेव्हा पुन्हा एक दुष्काळ चालूच होता. आगगाडीने धान्य आणले हे खरे, आणि त्यामुळे माणसे वाचली हेही खरे; परंतु जिकडे भाव तिकडे धान्य नेण्याची सोयही तिनेच केली, आणि तीन वर्षांची ज्वारी जमिनीत पुरून ठेवणे हे हिशेबी माणसास खुळेपणाचे वाटू लागले. पेवे एकेक करून बुजली. आज ‘पेव फुटणे’ हा वाक्प्रचार आपण शहरात एखाद्या अनिष्ट गोष्टीचा सुळसुळाट झाला की वापरतो. मूळ पेव फुटे तेव्हा गावातील चुली पेटत, हे वापरणाऱ्यास ठाऊकही नसते.

या जुन्या पुढारीपणाची स्तुती करताना एक गोष्ट झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. पेव सर्वांसाठी उघडे, आड मात्र सर्वांसाठी नाही. ज्या महाराने रात्री गावाची राखण केली, सारा ठाण्यावर पोचविला, मेलेले ढोर ओढले आणि दुष्काळात पाटलाच्या दारातून पायलीभर ज्वारी नेली, त्याला पाणी ओंजळीत वरून वाढले जाई. दामाजीसाठी विठ्ठलाने महाराचे रूप घेतले असे कीर्तनात शतकानुशतके सांगितले गेले, आणि त्याच विठ्ठलाच्या पंढरपुरातील देवळाचे दार हरिजनांना उघडावे म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. बार्शीस मे १९२४ मध्ये मुंबई प्रांतिक बहिष्कृत परिषद भरली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे आले, तेव्हा ते ज्या माणसांशी बोलले त्यांना उपकाराची पायली नको होती, हक्काची जागा हवी होती. कर्त्याचे औदार्य कितीही खरे असले तरी ते त्याच्या मर्जीवर अवलंबून होते, आणि मर्जीवर जगणे हे जगणे अपुरे आहे. महारवतनासारखी कनिष्ठ गावकामगार वतने १९५८ च्या कायद्याने गेली; ती जाणे योग्यच होते.

विसाव्या शतकात या तालुक्याला जो पुढारी मिळाला तो पेवाचा धनी नव्हता, पण कर्तेपणाची रीत त्याने पुढे चालविली असे मला वाटते. चारे या बार्शी तालुक्यातील खेड्यात १९०३ साली जन्मलेले कर्मवीर मामासाहेब जगदाळे यांनी १९३४ मध्ये बार्शीस श्री शिवाजी शिक्षण प्रसारक मंडळ स्थापन केले. खेड्यातील मुलाला शाळा नव्हती असे म्हणणे अपुरे आहे. शाळा बार्शीत होती, पण मुलाला बार्शीत राहण्यास ओसरी नव्हती आणि जेवण्यास ताट नव्हते. म्हणून या पिढीच्या शिक्षणमहर्षींनी आधी वसतिगृहाचा, म्हणजे चुलीचा विचार केला. १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढणारे भाऊराव पाटील यांनीही हेच केले, आणि साताऱ्याच्या वसतिगृहातील मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी गळ्यातील मंगळसूत्र मोडले, ही हकीकत प्रसिद्ध आहे. ती वाचताना मला ममताईची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

या पुढाऱ्यांना लोकांनी दिलेली नावेही पाहा. जगदाळे हे ‘मामा’, भाऊराव हे ‘अण्णा’. आपल्या खेड्यांतून कोणी आबा होतो, कोणी तात्या, कोणी बापू, कोणी दादा. गावाने मोठेपणा द्यावयाचा म्हणजे नाते द्यावयाचे, ही पद्धत. आणि त्यांतही ‘मामा’ हे नाते फार अर्थाचे आहे. चुलत्याशी बांधाचा तंटा असू शकतो, मामाशी असत नाही; मामाच्या घरी भाचा हक्काने जेवतो आणि वाटणी मागत नाही. बार्शीचे ‘मामा’ १९८१ मध्ये निवर्तले. त्यांच्या संस्थेतून शिकून बाहेर पडलेली माणसे या तालुक्यात गावोगाव आहेत, आणि पेवातून काढलेले धान्य परत येते तसे त्यांतील कित्येकांचे काही ना काही संस्थेकडे परत आले आहे.

मुलकी पाटलाचे पद १९६२ च्या कायद्याने नष्ट झाले. त्याच वर्षी जिल्हा परिषदा सुरू झाल्या. पुढे दहा वर्षांनी १९७२ चा दुष्काळ आला तेव्हा वैरागच्या माळावर माणकोजींच्या काळचे काहीच उरले नव्हते. खडी फोडण्याच्या, नाला बांधाच्या, पाझर तलावाच्या कामावर माणसे गेली, सुकडी खाल्ली, परदेशातून आलेली तांबडी मिलो खाल्ली. वि. स. पागे यांनी सुचविलेल्या रोजगार हमीने मजुरास कामाचा हक्क मिळाला, हे त्या दुष्काळाचे मोठेच फलित. त्या कामांवर मी पाहिलेले एक दृश्य सांगतो. भूमिधारक घरातला एक साठीचा गृहस्थ, ज्याच्या दारी पूर्वी चार बैल होते, डोक्याला टॉवेल गुंडाळून आपल्याच सालगड्याच्या शेजारी बसून खडी फोडीत होता. कोणी त्याला हिणविले नाही. दुपारी भाकरी सोडताना सालगड्याने आपला कांदा फोडून अर्धा त्याच्यापुढे ठेवला. पाटलाच्या मोळीची कथा मी कीर्तनात अनेकदा ऐकली होती. ती मला त्या दुपारी कळली.

आता वैराग बदलले आहे. ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली, काळ्या रानात ज्वारीच्या जागी सोयाबीन आणि ऊस आला, हिंगणी-जवळगावच्या तलावांचे पाणी काही शिवारांत फिरले, आणि जुन्या वाड्यांच्या जागी सिमेंटची घरे उभी राहत आहेत. घर पाडताना पायाखाली एखादे बुजलेले पेव लागले की गवंडी त्यात मुरूम लोटतो; ते अपरिहार्य आहे. परंतु त्याच घराच्या माळ्यावर, कोनाड्यात, देव्हाऱ्यामागे कापडी रुमालात बांधलेले कागद असतात, मोडीतील, वाळवीने खाल्लेले, ज्यांच्या तळाशी कोठे नांगराची आणि कोठे बांगडीची निशाणी काढलेली असते. बाईची निशाणी बांगडी असे. कोणी पेरले, कोणी दिले, कोणाचा तंटा कोणी मिटविला, कोणाच्या पेवातून कोणत्या साली किती खंडी निघाली, हे सांगणारी याहून खरी साधने आपल्यापाशी नाहीत. वैराग आणि आसपासच्या खेड्यांतील वाचकांना माझी हात जोडून विनंती आहे की, हे रुमाल रद्दीत घालू नका. मोडी वाचणारे आज थोडे राहिले असले तरी आहेत. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्था असे कागद जपून ठेवतात. आणि ज्यांच्या घरी कागद नाहीत त्यांनी निदान घरातल्या म्हाताऱ्या बाईजवळ बसून, धान्य कोणी मापून दिले त्या बाईचे नाव लिहून घ्यावे.